झिजलेला चेहरा

या बाहुलीला नाक जवळजवळ उरलेलंच नाही. डोळ्यांच्या जागी दोन उथळ खळगे आहेत, ओठ गालांत विरून गेलेत. उंची असेल वीत-सव्वावीत. केसांच्या बारीक कोरीव रेषा तेवढ्या अजून ठसठशीत दिसतात आणि त्यांत गडद निळा रंग बसलेला आहे. युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी संग्रहालयांत अशा बाहुल्या काचेमागे उभ्या आहेत. बघणाऱ्याला वाटतं, लाकूड जुनं झालं, पाऊसपाणी लागलं, झिजलं. पण वाऱ्यापावसाने झिजलेलं लाकूड सगळीकडून सारखं झिजतं. ही बाहुली फक्त तोंडावर झिजली आहे, कारण कुणीतरी रोज तिचं तोंड धुवत होतं.

ते कुणीतरी म्हणजे बाहुलीची आई.

नायजेरियाच्या नैऋत्येला आणि शेजारच्या बेनिन देशात योरुबा लोक राहतात. जुळी मुलं होण्याचं प्रमाण त्यांच्यात जगात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी आहे. जगाची सरासरी हजार बाळंतपणांमागे बाराच्या आसपास, तर इग्बो-ओरा या त्यांच्या गावाच्या परिसरात ती चाळिसाच्या वर जाते. गावाने आपल्या वेशीवर तसा फलकच लावला आहे. जुळी इतकी जन्मतात म्हटल्यावर त्यांच्याबद्दल समाजाने काहीतरी ठरवणं भागच होतं. एके काळी योरुबांच्या काही भागांत जुळं अशुभ मानलं जाई. पुढे हे पार उलटलं आणि जुळी ही घराला मिळालेली कृपा झाली. ती मेघगर्जनेच्या देवाची, शांगोची लाडकी. त्यांना सांभाळलं तर भरभराट, दुखावलं तर घराचे हाल.

त्यांची नावं आईबाप ठरवत नाहीत, ती ठरलेलीच असतात. आधी येतो तो ताइवो, म्हणजे जगाची चव घेणारा. मागून येतो तो केहिंदे. आपल्याकडे आधी जन्मला तो थोरला, यात वाद नसतो. योरुबांच्या हिशोबाने थोरला केहिंदे. त्याने धाकट्याला पुढे पाठवलं, बाहेरचं जग राहण्याजोगं आहे का ते बघून यायला सांगितलं, आणि धाकट्याचं रडणं ऐकून मग तो स्वतः आला. त्यांच्या पाठीवर जन्मलेल्या मुलालाही ठरलेलं नाव आहे, इदोवू.

जुळ्यांचा आत्मा दोघांत मिळून एक, अशी श्रद्धा. त्यामुळे दोघांपैकी एक दगावलं की प्रश्न निव्वळ दुःखाचा राहत नाही. गेलेला अर्धा भाग उरलेल्याला आपल्याकडे ओढून नेईल ही भीती असते. जुळी बहुधा अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची. एक जाणं ही पूर्वी नेहमीची गोष्ट होती. अशा वेळी आईबाप बाबालावोकडे जात. बाबालावो म्हणजे इफा या पद्धतीने कौल लावणारा जाणता. तो सांगेल त्या कारागिराकडून मूर्ती करून घ्यायची. तिला एरे इबेजी म्हणतात. एरे म्हणजे कोरलेली मूर्ती, इबेजी म्हणजे दोन जन्म. दोन्ही मुलं गेली असतील तर मूर्तीही दोन.

कारागीर मूर्ती कोरतो तो गेलेल्या तान्ह्याची, पण तिचा चेहरा त्या बाळाशी जुळवायचा प्रयत्न तो करत नाही. मुलगा की मुलगी, एवढं पाळायचं आणि गालांवर त्या कुळाच्या खुणा कोरायच्या. अंग मात्र मोठ्या माणसाचं. मुलगी असेल तर भरलेली छाती, मुलगा असेल तर रुंद खांदे. डोकं शरीराच्या मानाने बरंच मोठं, कारण माणसाचं नशीब डोक्यात वसतं अशी योरुबांची समजूत. त्या भाषेत डोकं आणि नशीब दोन्हींसाठी ओरी हा एकच शब्द आहे. ज्या मुलाला वाढायला मिळालं नाही, त्याला कारागीर पुऱ्या वयाचं करून आईच्या हातात देतो. मी या विषयावर जे जे वाचलं त्यात या एका निर्णयाइतकं दुसऱ्या कशानेच मला हलवलेलं नाही.

मूर्ती घरी आली की कोरणाऱ्याचं काम संपतं आणि आईचं सुरू होतं. जिवंत बाळाला न्हाऊमाखू घालताना ती मूर्तीलाही अंघोळ घालते, तेल लावते, ओसुन नावाची लाल लाकडाची पूड अंगाला चोळते. केसांना नीळ लावते. पूर्वी ती झाडपाल्याची असे, पुढे पुढे कपड्यांना घालायची बाजारातली नीळही चालू लागली. मण्यांच्या, कवड्यांच्या माळा घालते. जिवंत मुलाला नवा कपडा शिवला तर मूर्तीलाही. पाम तेलातली चवळी हा जुळ्यांचा आवडता नैवेद्य, तो मूर्तीच्या ओठांना लावला जातो. (आपल्याकडे उसळीला लागते तीच ही चवळी, तिचं मूळ घर आफ्रिका.) बाहेर जाताना आई जिवंत मुलाला पाठीला बांधते आणि मूर्ती कमरेच्या वस्त्रात खोचते, डोकं बाहेर राहील अशी. बाजारात जुळ्यांची आई गाऊन नाचली तर लोक तिला पैसे देतात, देणाऱ्याचंही भलं होतं म्हणून.

वर्षानुवर्षं रोज हे चालतं. बोटं रोज त्याच नाकावरून, त्याच ओठांवरून फिरतात. वीस-तीस वर्षांत लाकडाचा चेहरा गुळगुळीत होतो. ही झीज योरुबांना खराबी वाटत नाही. आईने हयगय केली नाही याचा तो पुरावा असतो. नाकडोळे जसेच्या तसे राहिलेली मूर्ती पाहिली की उलट मनात येतं, हिला कुणी फारसं धुतलेलं दिसत नाही.

त्या माळांतल्या कवड्यांबद्दल थोडं. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ही कवडी सापडत नाही. ती यायची हिंदी महासागरातून, मुख्यतः मालदीवमधून. तिथून ती बंगालमध्ये जाई, युरोपी जहाजांत बोजा म्हणून भरली जाई आणि अखेरीस आफ्रिकेत चलन म्हणून उतरे. त्या चलनाने माणसंही विकत घेतली गेली. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात जी कवड्यांची माळ असते, ती कवडी याच समुद्राची. एकाच पाण्यातले शिंपले इकडे देवीच्या माळेत गुंफले गेले आणि तिकडे गेलेल्या बाळाच्या गळ्यात.

जवळपास साऱ्याच माहितीपुस्तकांत आफ्रिकन कला असा एकवचनी उल्लेख येतो. चोपन्न देश आणि दोन हजारांच्या आसपास भाषा असलेल्या खंडाला ते एकवचन तोकडं आहे. म्हणून या प्रकरणात मी मोजक्याच समाजांबद्दल लिहिणार आहे आणि प्रत्येकाचं नाव घेऊन लिहिणार आहे. त्यांच्या रीती एकमेकांहून फार वेगळ्या आहेत. तरी त्यांना शेजारी ठेवलं की एक गोष्ट सारखी दिसत राहते. माणूस आयुष्याच्या एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा त्याला एकट्याला जाऊ दिलं जात नाही, त्याच्याबरोबर एखादी वस्तू चालते. आणि त्या वस्तूलाही आयुष्य असतं. ती घडते, खाते-पिते, काम करते आणि काम झालं की बहुतेक वेळा तिला जाऊ दिलं जातं.

घानाच्या असांते लोकांत तर वस्तू माणसाच्याही आधी जन्मते. आकुआ नावाच्या बाईला मूल होत नव्हतं. पुजाऱ्याने सांगितलं, लाकडाचं मूल करून घे आणि खऱ्या मुलासारखं सांभाळ. ती ते पाठीला बांधून गावातून फिरू लागली तेव्हा लोक हसले, म्हणाले, ते बघा आकुआचं मूल, आकुआ-बा. पुढे तिला मुलगी झाली, हसणं थांबलं आणि नाव तेवढं राहिलं. ही झाली कथा, पण आकुआबा खरी. चपटं, ताटासारखं गोल डोकं, प्रशस्त कपाळ, त्याखाली छोटासा चेहरा, मानेवर वळ्या आणि दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले आखूड हात. मानेच्या वळ्या म्हणजे अंगावर मांस आहे, बाळ गुटगुटीत आहे. बहुतेक आकुआबा मुलींच्या असतात, कारण आकुआला मुलगी झाली आणि त्याहून मोठं कारण म्हणजे असांतेंचं कूळ आईकडून चालतं. मुलगी झाली नाही तर कूळ थांबतं. तिथल्या बाईने लाकडाच्या मुलीसाठी नवस करावा याचा अर्थ आपल्याकडच्या कितीतरी घरांनी थांबून विचारात घ्यावा असा आहे. मूल झालं की आकुआबा देवळात परत जाई किंवा पोरांना खेळायला मिळे.

जन्मानंतरचा मोठा उंबरठा म्हणजे पोरपण सोडणं.

अंगोला, काँगो आणि झांबियाच्या सीमा जिथे भेटतात त्या पट्ट्यात चोक्वे, लुवाले आणि त्यांच्या नात्यातले इतर समाज राहतात. तिथे आठ ते बारा वर्षांच्या मुलांना गावाबाहेर रानातल्या छावणीत नेतात. तिला मुकांदा म्हणतात. पूर्वी हा मुक्काम कित्येक महिन्यांचा असे, आता शाळेच्या सुट्ट्यांत बसवायचा म्हणून आखूड झाला आहे. तिथे सुंता होते, जखम भरते आणि तोवर मुलं शिकतात: शिकार, लग्नसंसाराच्या गोष्टी, वडिलांच्या वाटेच्या प्रार्थना, गाणी आणि मुखवटे बनवणं. छावणीत शिरताना मूल मेलं असं मानलं जातं. आईने त्याला बघायचं नाही.

या छावणीवर माकिशींची राखण असते. माकिशी म्हणजे पूर्वजांचे परतलेले आत्मे. अंगभर विणलेला पोशाख आणि डोक्यावर मोठाले मुखवटे घालून ते येतात. वेताच्या सांगाड्यावर सालीचं कापड ताणायचं, वर राळेने आणि काळ्या डांबरासारख्या लेपाने नाकडोळे घडवायचे, मग लाल-पांढऱ्या पट्ट्या. प्रत्येक मुलाला एक माकिशी नेमून दिलेला असतो आणि तो शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहतो. छावणी संपते त्या दिवशी सगळं गाव जमतं, माकिशी नाचत येतात आणि मुलं मोठी होऊन परत येतात. मागे छावणी पेटवून देतात. झांबियातल्या या परंपरेचा युनेस्कोने 2005 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला.

माकिशींत एक बाई असते, प्वो. चोक्वेंचा हा लाकडी मुखवटा संग्रहालयांत फार मानाने ठेवलेला दिसतो: मिटत आलेले लांबट डोळे, कपाळावर क्रुसासारखी खूण, आणि डोळ्यांखाली उभ्या रेघा, ज्यांना मासोजी म्हणजे अश्रू म्हणतात. प्वो ही आदर्श स्त्रीपूर्वज. तिला अंगावर घेऊन नाचतो मात्र पुरुष. कोरणारा ओळखीतली एखादी देखणी बाई मनाशी धरून तिचं निरीक्षण करत मुखवटा घडवी, आणि मोबदल्यात नर्तकाकडून पितळी कडं घेई. ते कडं म्हणजे वधूमूल्य. नर्तक जणू या मुखवट्याशी लग्न लावत असे. म्हणूनच तो मेला की मुखवटाही त्याच्याबरोबर पुरला जाई. जे प्वो आज काचेमागे आहेत ते त्या खड्ड्यात जायचे राहून गेलेले आहेत.

असे अश्रू मला आणखी एका ठिकाणी भेटले, हजाराहून जास्त किलोमीटर दक्षिणेला. दक्षिण आफ्रिकेतल्या न्देबेले बायका घरांच्या भिंतींवरच्या झळझळीत भौमितिक चित्रांसाठी जगभर ओळखल्या जातात. एस्थर माहलांगू (जन्म 1935) यांनी ही चित्रकला आई आणि आजीकडून घेतली, 1989 मध्ये पॅरिसच्या एका प्रदर्शनात नेली आणि 1991 मध्ये चक्क बीएमडब्ल्यू मोटारीवर रंगवली. पण घर मुळात कधी रंगवायचं? मुलगा दीक्षेला निघतो तेव्हा. भिंतीवर बघून गावाला कळतं की या घरचा मुलगा आता पुरुष व्हायला गेला आहे. मण्यांच्या कामातही असंच आहे. वयात आलेल्या मुलीचा मणीकामाचा ताठ पुढपट्टा वेगळा, लग्न झालेल्या बाईचा वेगळा. बाई समोरून येताना ती आयुष्यात कुठे पोचली आहे ते ओळखू येतं. आणि मुलगा दीक्षेहून परतायच्या समारंभात त्याची आई डोक्यापासून दोन्ही बाजूंना लोंबणारे मण्यांचे दोन लांबलचक पट्टे घालते. त्यांचं नाव लिंगा कोबा, लांब अश्रू. पोर गमावल्याचे आणि पुरुष मिळाल्याचे, दोन्ही. पट्टे कधी कधी जमिनीपर्यंत पोचतात.

मुलींच्या दीक्षेकडे वळताना लिहिणं अवघड होतं, पण ते टाळून हे प्रकरण प्रामाणिक राहणार नाही.

सिएरा लिओन आणि लायबेरियात बायकांची सांदे नावाची संस्था आहे; काही भागांत तिला बोंदो म्हणतात. मेंदे लोकांत मुलीची बाई होते ती सांदेमधून. तिथे मुखवटा बायका घालतात, आणि हे आफ्रिकेत अतिशय विरळा आहे. लाकडी मुखवटे जवळपास सगळीकडे पुरुषांच्या हाती आहेत. सोवेई हा तो मुखवटा. तो फक्त चेहऱ्यावर बसत नाही, टोपासारखा सगळं डोकं झाकतो. खाली राफिया ताडाच्या धाग्यांच्या काळ्या झिरमिळ्या पायापर्यंत, हातपायसुद्धा कापडात. कातडीचा एक ठिपका दिसता कामा नये, कारण आत बाई आहे हे त्या वेळी खरं नसतं. ती पाण्यातून आलेली शक्ती असते.

सोवेई घडवणारे पुरुषच, पण काय घडवायचं ते ठरलं आहे बायकांच्या नजरेतून. उंच, रुंद कपाळ. खाली झुकलेले बारीक डोळे. इवलंसं मिटलेलं तोंड, कारण जिला पुष्कळ माहीत आहे तिने कमी बोलावं. डोक्यावर वेण्यांची गुंतागुंतीची रचना. अशी केशरचना एकटीला करता येत नाही, तिच्यामागे मैत्रिणींचा हात लागतो. आणि मानेवर वळ्या. असांतेंच्या बाहुलीच्या मानेवर त्या गुटगुटीत बाळाच्या होत्या, इथे त्यांचा अर्थ निराळाही लावतात: शक्ती पाण्यातून वर येते तेव्हा मानेभोवती उमटणाऱ्या लाटांची ही वर्तुळं. कोरून झालं की पाल्याच्या रसाने मुखवटा काळाभोर करायचा आणि पाम तेलाने चमकवायचा. तो काळा रंग ओल्या, निरोगी कातडीचा आहे. सौंदर्य म्हटलं की गोरेपणा हे समीकरण डोक्यात घेऊन वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाने या चमकत्या काळेपणासमोर थोडं जास्त वेळ उभं राहायला हवं. सिल्व्हिया आर्डिन बून या अभ्यासिकेने मेंदेंच्या सौंदर्यकल्पनेवर 1986 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं, ते याच मुखवट्याभोवती.

आणि याच सांदेच्या दीक्षेत मुलींचं जननेंद्रिय कापलं जातं. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत सिएरा लिओनमधल्या 15 ते 49 वयाच्या 83 टक्के बायकांच्या बाबतीत हे झालेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचं मत स्पष्ट आहे: त्याचा शरीराला काहीही फायदा नाही, नुकसान मात्र आयुष्यभराचं असतं, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बाळंतपणातली गुंतागुंत. मुखवटा सुंदर आहे म्हणून हे झाकायचं नाही, आणि हे भयंकर आहे म्हणून सांदेने बायकांना दिलेलं सगळं नाकारायचं असंही मला वाटत नाही. बायकांना त्यांची स्वतःची सत्ता, स्वतःची जागा आणि पुरुष जिच्यासमोर आदबीने उभे राहतात अशी शक्ती या संस्थेने दिली. खुद्द सिएरा लिओनमधल्याच बायका आता कापण्याशिवायच्या दीक्षेचा आग्रह धरत आहेत: शिकवण, गाणी, नाच, सोवेई सगळं ठेवायचं, पातं बाजूला ठेवायचं. सोवेईची वळणं कुणाला जपता येतील तर त्यांनाच.

मोठं झाल्यावर माणूस थांबतो, पुढचे टप्पे आपोआप वयाबरोबर येतात असं आपण धरून चालतो. काँगोच्या पूर्वेकडच्या जंगलातले लेगा लोक तसं धरत नसत. त्यांच्यात राजा नव्हता. होती ती ब्वामी ही पायऱ्यापायऱ्यांची संस्था, आणि तिच्यात चढायला संपत्तीबरोबर वागणूक लागे. बायकोशिवाय नवऱ्याला वर जाता येत नसे. सगळ्यात वरची पायरी गाठणाऱ्या पुरुषाबरोबर त्याच्या पत्नीचाही दर्जा ठरलेला असे. प्रत्येक पायरीवर छोट्या वस्तू समोर मांडल्या जात: तळहाताएवढे लाकडाचे नि हस्तिदंताचे मुखवटे, दोन तोंडांच्या मूर्ती, कधी नुसती चोच किंवा शिंपला. प्रत्येकीबरोबर एक म्हण गायली जाई. तीच मूर्ती दुसऱ्या म्हणीबरोबर दुसरं काही शिकवी. मुखवटा चेहऱ्यावर लावायलाच हवा असंही नव्हतं. तो दंडाला बांधत, कुंपणाला टांगत, जमिनीवर ओढत नेत. मालक गेला की वस्तू वारसाकडे जाई आणि आधीच्या साऱ्या मालकांच्या हातांचं तेल तिच्यावर असे. बेल्जियमच्या वसाहती सरकारला ही संस्था धोकादायक वाटली आणि 1948 मध्ये तिच्यावर बंदी आली. राजा नसलेल्या समाजाला एकत्र धरणारी गोष्ट राज्यकर्त्यांना धोकादायक वाटावी, यात नवल नाही.

शेवटचा उंबरठा मरणाचा. मालीतल्या बांदियागाराच्या कड्याखाली राहणारे डोगोन लोक माणसाला एकदा पुरून मोकळे होत नाहीत. पुरणं झालं तरी मेलेल्याचा जीव गावाभोवती घोटाळत राहतो. त्याला पूर्वजांकडे पोचवण्यासाठी दामा करावा लागतो. त्याला खर्च फार, बाजरीची बियर पिंपं भरभरून लागते, म्हणून बरीच वर्षं थांबून गेल्या काही वर्षांतल्या सगळ्या मृतांचा मिळून एक दामा करतात. मग मुखवटे येतात. कानागा, ज्याच्या माथ्यावर दोन आडव्या फळ्यांचा क्रूस असतो. नाचणारा कमरेतून वाकून तो क्रूस जमिनीला टेकवत गरकन फिरवतो. सिरिगे, म्हणजे मजल्यांच्या घरासारखी एकाच लाकडाची चार-पाच मीटर उंच फळी, जी दातांत धरून आणि दोऱ्यांनी बांधून तोलायची. सातिंबे, ज्याच्या माथ्यावर बाईची मूर्ती उभी असते; मुखवटे पहिल्यांदा एका बाईला सापडले आणि पुरुषांनी ते काढून घेतले, ही गोष्ट डोगोन स्वतःच सांगतात. मृताच्या घराच्या छपरावर, चौकात, शेतात नाचून मुखवटे त्याला निरोप देतात. दामा झाला की शोक संपतो. मुखवटे कड्यातल्या कपारींत ठेवून दिले की वाळवीने ते खाल्ले तरी कुणी हळहळत नाही. पुढच्या दामाला नवे.

1931 मध्ये डाकार ते जिबूती निघालेली मार्सेल ग्रिओल यांची फ्रेंच मोहीम इथे पोचली आणि पुढची कित्येक वर्षं या मुखवट्यांचा अभ्यास चालला; पुष्कळ वस्तू पॅरिसला गेल्या. दर साठ वर्षांनी येणारा सिगी हा डोगोनांचा सर्वांत मोठा सोहळा 1967 ते 1973 या काळात झाला आणि जाँ रूश, जेर्मेन दिएतेर्लें या फ्रेंच अभ्यासकांनी त्यावर चित्रपट केले. त्या हिशोबाने पुढचा 2027 मध्ये. 2012 पासून माली ज्या हिंसाचारातून जात आहे, त्यात बांदियागाराची गावंही होरपळली आहेत. साठ वर्षांनी एकदा येणारी गोष्ट शिकवणारे म्हातारे एका पिढीत एकदाच असतात.

कपारीत कुजायला ठेवलेला मुखवटा उचलून नेणाऱ्याला तो वाचवल्याचं समाधान वाटतं. गाबोनमधल्या कोटा लोकांच्या पितळी पत्र्याने मढवलेल्या मूर्तींचं असंच झालं. त्या पूर्वजांच्या अस्थींच्या टोपलीवर पहारा देत. नेणाऱ्यांना पत्र्याची झळाळी हवी होती. टोपली आणि अस्थी बहुधा मागे पडल्या. पिकासो 1907 मध्ये पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात गेला तेव्हा आफ्रिकेतून आलेल्या अशा एकट्या पडलेल्या वस्तूंमध्ये त्याला नवा आकार दिसला आणि युरोपची चित्रकला बदलली. कशाचं रक्षण करायला त्या घडल्या होत्या, हे त्या दालनात कुठेच दिसत नव्हतं. केनियाच्या किनाऱ्यावर गिर्यामा लोक गेलेल्या वडीलधाऱ्यांसाठी विगांगो नावाचे उभे लाकडी खांब रोवतात. ते हलवायचे नसतात, जागीच मातीला मिळू द्यायचे असतात. ते चोरीला जाऊन परदेशी बाजारात विकले गेले. कुटुंबांना वाटलं, घरावर आलेल्या आजारांचं आणि दुष्काळाचं कारण हेच. 2007 मध्ये अमेरिकेतून दोन विगांगो परत आले; नंतर आणखीही काही संस्थांनी परत देण्याची वाट धरली.

योरुबांच्या बाहुलीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. ख्रिस्ती आणि इस्लाम धर्म पसरले, दवाखाने आले, लाकडी मूर्ती कमी होत गेल्या. काही आयांनी बाजारातल्या प्लास्टिकच्या बाहुल्या घेतल्या आणि त्यांना तसंच न्हाऊ घातलं. 1970 च्या दशकात इला-ओरांगुन गावातले फोटोग्राफर आणखी वेगळं काही करत होते. जुळ्यांपैकी एक दोघांचा फोटो निघायच्या आधी गेलं असेल, तर जिवंत मुलाला बसवून फोटो काढायचा आणि एकाच कागदावर शेजारीशेजारी दोनदा छापायचा. गेलेली मुलगी असेल आणि उरलेला मुलगा, तर त्यालाच एकदा मुलीचे कपडे घालून बसवायचं. फोटोत दोघं शेजारी बसलेली दिसतात, सांधा जेमतेम कळेल इतक्या सफाईने जोडलेली. लाकूड गेलं, छिन्नी गेली. आईला हवं होतं ते आलं.

जुन्या रीतीने असं नवं रूप घेणं घानातही दिसतं. तिथली राजधानी अक्रा, तिच्या पूर्वेला समुद्राकाठी तेशी हे गा लोकांचं गाव. तिथल्या सेथ काने क्वेई (मृत्यू 1992) या सुताराची गोष्ट त्याच्या घरचे सांगतात ती अशी: त्याची आजी विमानतळाजवळ राहायची, आभाळात विमानं जाताना बघायची, पण स्वतः कधी विमानात बसली नाही. ती गेली तेव्हा नातवाने तिच्यासाठी विमानाच्या आकाराची शवपेटी केली. त्याआधी सरदारांसाठी प्राण्याफळांच्या आकाराच्या पालख्या करायची रीत होतीच; तिला आता नवं वळण लागलं. कोळ्यासाठी मासा किंवा होडी, बागायतदारासाठी कोकोची शेंग, बाजारात कांदे विकून घर उभं केलेल्या बाईसाठी कांदा, टॅक्सीवाल्याला मोटार. गा भाषेत यांना आबेबुउ आदेकाई म्हणतात, म्हणजे म्हणींच्या पेट्या. काही चर्चना हे आकार पसंत नसतात. मग बायबलच्या आकाराची पेटी करतात, तिला कुणी हरकत घेत नाही.

काने क्वेईच्या पेट्या 1989 मध्ये पॅरिसला गेल्या, एस्थर माहलांगूंची चित्रं होती त्याच प्रदर्शनात. आता संग्रहालयं मुद्दाम पेट्या घडवून घेतात, ज्यांत कधीच कुणी झोपणार नाही. तेशीतल्या कार्यशाळेचं मुख्य गिऱ्हाईक अजूनही शोकात असलेलं कुटुंबच आहे. ते येतं, गेलेला माणूस काय करायचा ते सांगतं. सुतार हलक्या लाकडाचे तुकडे जोडून आकार काढतो, पॉलिश कागदाने घासतो, लांबी भरतो, रंगाचे हात देतो. माशाचं एकेक खवलं बारीक ब्रशने रंगवलेलं असतं, डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ, कल्ल्यांवर लाल छटा. एवढं करायला काही आठवडे लागतात. मग ढोल वाजतात, खांदेकरी मासा उचलून गल्लीगल्लीतून नाचवत नेतात, ओळखीपाळखीचे लोक दारात येऊन बघतात आणि म्हणतात की हो, हा त्याचाच. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर माती पडलेली असते.